दोन रिकाम्या जागा

मंगळवार, दिनांक ८ मार्च १९२७ रोजी सकाळी सव्वासात वाजता, मांजरसुंब्याच्या घाटाखालील कोरड्या ओढ्यात चौघांनी गहिनीनाथाला पालथे पाडले आणि त्याच्या उजव्या हाताची तीन बोटे काळ्या दगडावर ठेवून कुऱ्हाडीच्या तुंब्याने, म्हणजे पात्यामागच्या बोथट बाजूने, ठेचली.

ठेचण्यापूर्वी एक प्रश्न विचारला गेला. विचारणारा त्याचा सख्खा चुलतभाऊ शहादेव होता.

"कोणत्या हातानं लिवतो बे?"

गहिनीनाथाने दोन्ही मुठी पोटाखाली ओढल्या. तेव्हा शहादेवच्या पदरी असलेल्या पंडित नावाच्या माणसाने त्याच्या कानशिलावर वहाणेची टाच ठेवून ती वाळूत दाबली.

"उजव्या."

"खरं बोल. न्हाईतर दोन्ही ठेचीन."

"उजव्याच."

पहिला घाव निसटला आणि फक्त कातडे सोलून गेला. दुसऱ्याने नखे व हाड एकत्र फुटले. तिसरा घाव जे उरले होते त्यावर पडला. पंडितने डाव्या हाताचे काय करायचे, असे विचारले. शहादेव म्हणाला, "ऱ्हाऊ दे. धुवायला लागंल त्याला." यावर चौघेही हसले आणि घोड्यांवर बसून निघून गेले.

मी त्या काळी निजाम सरकारच्या बांधकाम खात्यात ओव्हरसियर होतो. माझे शिक्षण तांत्रिक विद्यालयात झालेले. घाटरस्त्यावरील मोऱ्यांच्या कमानींचे काम माझ्याकडे होते आणि माझा तंबू ओढ्यापासून हाकेच्या अंतरावर होता. गहिनीनाथ माझ्याकडेच निघाला होता. रोज सकाळी, मजूर कामाला लागण्यापूर्वी, मी त्याच्याकडून उर्दू परीक्षेची तयारी करवून घेत असे. ही परीक्षा कशासाठी होती, ते आधी सांगितले पाहिजे.

गहिनीनाथ तेथून दोन कोसांवरच्या एका गावचा. गावाचे नाव लिहीत नाही, कारण दोन्ही घरांची नातवंडे आजही तेथे नांदत आहेत. गावची पोलीस पाटीलकी गहिनीनाथ आणि शहादेव यांच्या घराण्यात सामाईक वतन म्हणून चालत आलेली होती. जुने पाटील वारल्यावर दोघांनीही दावा सांगितला, आणि निकाल लागेपर्यंत शहादेव हंगामी पाटील झाला. चावडीच्या मधल्या खांबाला माणूस बांधून त्याला ओल्या अंबाडीच्या दोराने मारायचे, ही त्याची चौकशीची रीत होती. बैलचोरीच्या संशयावरून गहिनीनाथाचा थोरला भाऊ बिभीषण याला त्याने त्या खांबाला बांधले. तिसऱ्या दिवशी प्रेत घरी आले तेव्हा पाठीवर कातडे नव्हते. मृत्यूचा पंचनामा पाटलानेच करायचा असतो. शहादेवने तो केला आणि कारण लिहिले : पान लागून मृत्यू. सर्पदंशाची कोणतीही खूण प्रेतावर नव्हती, पण तसे लिहिणारा दुसरा अधिकारी गावात नव्हता.

पुढे जिल्ह्याहून हुकूम आला. दोन्ही दावेदारांनी सरकारी उर्दू परीक्षा द्यावी. जो उत्तीर्ण होईल त्याला पाटीलकीची कायमची सनद मिळेल. दोघेही उत्तीर्ण झाल्यास ज्याचे गुण अधिक त्याला. अर्थात शहादेवला सनद मिळाली तर तो खांब जन्मभर त्याच्या ताब्यात राहणार होता आणि बिभीषणाचा मृत्यू कायमचा सर्पदंशाच्या खाती जमा होणार होता.

पूर्वी या परीक्षेत मौलवी मजकूर सांगत आणि उमेदवार तो उतरवून घेत. मग एका अर्जाची सुवाच्य अक्षरात नक्कल करावी लागे. म्हणजे परीक्षा कानाची आणि हाताची. गावोगाव हीच समजूत होती. शहादेवने त्यासाठी बीडहून मुन्शी आणून ठेवला होता, भारदस्त शब्दांची चळत पाठ केली होती, आणि त्याचे अक्षर खरोखर देखणे होते. पण त्या वर्षी पद्धत बदलायची होती. छापील कागदावर पन्नास वाक्ये, प्रत्येक वाक्यात एक जागा रिकामी, खाली चार शब्द. त्यांतला योग्य शब्द रिकाम्या जागी लिहायचा. तीस बरोबर आले की उत्तीर्ण. खात्यातील नोकरांची परीक्षा आधीच्या वर्षी याच रीतीने झाली होती आणि मी तिला बसलो होतो, म्हणून मला हे ठाऊक होते. मी ते गहिनीनाथाला सांगितले आणि त्याने ते कोणाजवळ उच्चारले नाही. शहादेवच्या मनात मात्र परीक्षा म्हणजे लिहिणारा हात, एवढेच होते. त्याने तो हात मोडला आणि दुसरा सोडून दिला.

मजुरांनी गहिनीनाथाला तंबूत आणले. मी जखमेवर आयोडिन ओतले तेव्हा त्याने माझ्या खाटेचा काथ्या दातांनी तोडला. दुपारी बैलगाडीने आम्ही बीडच्या दवाखान्यात पोहोचलो. डॉक्टरांनी दोन बोटे मुळापासून व तिसरे अर्ध्यावर कापले. गुंगीचे औषध पुरेसे नव्हते. शेवटचे बोट त्याने शुद्धीत असताना दिले. ठाण्याचा जमादार आला आणि मारणारे कोण, असे त्याने विचारले. वाटेत गाडीत गहिनीनाथाने चौघांचीही नावे मला सांगितली होती. जमादाराला त्याने सांगितले की तोंडे ओळखू आली नाहीत. फौजदारी खटला उभा राहिला असता तर वतन जप्तीत गेले असते, परीक्षा रद्द झाली असती आणि खटला संपेपर्यंत शहादेवच चावडीवर राहिला असता. जमादाराने हा हिशेब आपल्याही सोयीचा असल्यासारखी मान हलवली आणि तो निघून गेला.

परतीच्या वाटेवर गहिनीनाथ म्हणाला, "साहेब, परीक्षा पुढच्या बुधवारी हाय. डावा शाबूत हाय माझा."

दुसऱ्या दिवसापासून आम्ही पुन्हा सुरुवात केली. बोरूचे टोक उजव्या हातासाठी ज्या तिरक्यात तासतात त्याच्या उलट तिरक्यात मी ते तासले. उर्दू उजवीकडून डावीकडे लिहितात, त्यामुळे डावा हात ओल्या शाईवरून घासत न जाता तिच्यापासून दूर सरकत जातो. ही एकच गोष्ट आमच्या बाजूची होती. सुंदर अक्षराचा नाद मी सोडायला लावला. वाचता येईल एवढा एक शब्द एका जागेत बसला की पुरे.

शब्द कसा शोधायचा, हे मी त्याला मोरीवर नेऊन दाखवले. कमान दोन्ही बाजूंनी चढत येते आणि शेवटी माथ्यावर एका दगडाची फट उरते. चांगला गवंडी तेव्हा कपिलधारच्या खाणीतून आलेल्या दगडांच्या ढिगाकडे पाहत नाही. तो आधी फटीचे माप घेतो, आणि मग त्या मापाचा दगड शोधतो. वाक्याचेही तेच. खालचे चार शब्द हाताने झाकायचे. वाक्य पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायचे. मध्ये 'मगर' किंवा 'हालांकि' असेल तर वाक्याचा दुसरा भाग पहिल्याच्या विरुद्ध वळणार. 'इसलिए' किंवा 'चुनांचे' असेल तर तो त्याच दिशेने पुढे जाणार. मग आपला साधा मराठी शब्द त्या फटीत ठेवून पाहायचा, आणि त्यानंतरच चारांवरचा हात काढायचा. निवडलेला शब्द लिहून झाल्यावर वाक्य पुन्हा सबंध वाचायचे.

त्याला उर्दू कमी येत होते असे नाही. त्याची चूक निराळीच होती. मी त्याला एक वाक्य लिहून दिले : 'पटेल ने गवाह को बहुत धमकाया, मगर वह अपने बयान पर ____ रहा.' खाली शब्द होते : खामोश, कायम, नाराज, रवाना. त्याने चार शब्द झाकले, वाक्य वाचले आणि म्हणाला, "गप."

मी त्याला 'मगर' दाखवला.

"दिसला मला. पण पाटलानं धमकावल्यावर कोणता साक्षीदार कायम ऱ्हातो, साहेब? आमच्या गावात तरी न्हाई."

मी म्हणालो, "गावात काय होते ते वाक्य विचारत नाही. वाक्याने स्वतः जेवढे सांगितले आहे तेवढ्यावरच फट भरायची."

दुसरे वाक्य होते : 'हाकिम ने उसकी फरियाद नहीं सुनी, इसलिए वह ____ होकर लौट गया.' त्याने तत्काळ उत्तर दिले, "मार खाऊन." चारांत तसा शब्द नाही, असे मी सांगितल्यावर त्याने हात काढला, चारही वाचले आणि म्हणाला, "मग मायूस लिवतो, म्हंजी निराश. सरकार मार लिवतच न्हाई कुठं."

प्रत्येक वाक्यात त्याची चावडी शिरत होती. ती बाहेर काढणे हेच त्या दिवसांतले आमचे खरे काम होते. ताप उतरत नव्हता. पट्टी सोडली की पू आणि रक्त एकदम वाहू लागे. बिभीषणाची विधवा साखराबाई तंबूजवळच्या झोपडीत येऊन राहिली होती. ती कडुलिंबाच्या कढत पाण्यात तो हात बुडवून धरी, आणि गहिनीनाथ डाव्या हाताने लिहीत राही. पुढे पुढे तो चार शब्द झाकण्यासाठी पट्टी बांधलेला उजवा हातच कागदावर ठेवू लागला. त्या वजनाने जखम दुखे, पण मग डावा हात बोरूसाठी मोकळा राहत असे.

परीक्षेच्या तीन दिवस आधी नांदूरघाटाहून त्याचे मामा विठ्ठलराव आले. साठीचे, तालमीत कमावलेले अंग, बरोबर सिदू नावाचा गडी आणि नवी फरशी कुऱ्हाड. त्यांनी भाच्याच्या हाताची पट्टी स्वतः सोडून पाहिली आणि परत बांधली.

"नांदूरघाटात काय सांगू मी? भाच्याची बोटं कुत्र्यानं नेली म्हणून?"

त्याच दिवशी शहादेवला गाठायचे, असे ते ठरवूनच आले होते. गहिनीनाथाने त्यांचे पाय धरले. आपल्या बाजूने एक काठी जरी उठली तर सनद गेली, हे त्याने त्यांना परोपरीने सांगितले. विठ्ठलराव ऐकेनात. कागदावर खुणा करून कोणी पाटील होत नसतो, शेवटी शहादेव दुसरा हातही तोडील, असे त्यांचे म्हणणे होते. तेव्हा साखराबाई पुढे आली.

"मामा, मला त्याचं रगत नको. रगत माझ्या घरात लई सांडलं. मला तो खांब पायजे. भावजी पाटील झाले तर तिथं पुन्हा कुणाचा नवरा बांधला जाणार न्हाई. ते तुमच्या कुऱ्हाडीनं व्हणार हाय का?"

विठ्ठलरावांनी कुऱ्हाड खाली ठेवली. नंतर त्यांनी बेलभंडार उचलला : गहिनीनाथ परीक्षा देऊन बाहेर येईपर्यंत आपण हात उचलणार नाही.

बुधवारी बीडच्या एका मदरशात परीक्षा झाली. उमेदवार सतरंजीवर, प्रत्येकापुढे बैठे मेज. शहादेव नव्या पांढऱ्या शेरवानीत आला होता. गहिनीनाथाला आत बसलेला पाहून त्याने मौलवींकडे तक्रार केली की हा माणूस डाव्या हाताने लिहिणार, आणि तो हात लिहिण्याचा नव्हे. मौलवी वृद्ध आणि नियमाचे पक्के होते. कागद उमेदवाराने स्वतःच्या हाताने लिहावा एवढेच कलम आहे, कोणत्या ते त्यात नाही, असे सांगून त्यांनी शहादेवला जागेवर जायला फर्मावले. जाताना शहादेवने गहिनीनाथाच्या सतरंजीवर टेकलेल्या पट्टीच्या हातावर पाय ठेवला आणि सगळा भार देऊन तो पुढे गेला. पट्टी लाल झाली. गहिनीनाथाने तो हात उचलून मेजावर, छापील कागदाच्या बाजूला ठेवला.

मी व्हरांड्याच्या टोकाला बसलो होतो. तेथून खिडकीतून आतला वर्ग दिसत होता आणि दुसरीकडे पायऱ्या व फाटक. फाटकाबाहेर लिंबाखाली विठ्ठलराव आणि सिदू बसले होते. शहादेवचा पंडित त्यांच्यासमोर, रस्त्यापलीकडे, टांग्याला टेकून उभा होता.

छापील कागद हाती पडल्यावर शहादेव क्षणभर गोंधळला. पानभर नक्कल करण्यासारखे त्यात काही नव्हते. पण चार शब्द दिसताच त्याला हायसे वाटले असावे, कारण तो भराभर लिहू लागला. त्याची नजर वाक्यावर ठरत नव्हती. ती थेट चार शब्दांवर जाई आणि बोरू शाईत बुडे. अर्ध्या वेळातच त्याने कागद मौलवींच्या हाती दिला, शेरवानीच्या बाह्या झटकल्या आणि तो बाहेर पडला. गहिनीनाथ तेव्हा कागदाच्या खालच्या भागात होता. त्याच्या रक्ताने कागदाचा कोपरा भिजला होता.

फाटकाशी शहादेव थांबला. मुकाट्याने टांग्यात बसून गेला असता तर पुढचे घडले असते की नाही, सांगता येत नाही. तो विठ्ठलरावांकडे वळला.

"मामा, भाच्याला उशीर लागंल. आत उलट्या हातानं काड्या वढतोय. तवर तुमी वढ्यात जाऊन त्याची बोटं हुडका. घारींनी ठिवली असतील तर."

विठ्ठलराव उठले. त्यांनी घोंगडीखालून फरशी काढली ती मला दिसली, आणि मी धावलो. पहिला घाव शहादेवच्या उजव्या खांद्यावर बसला. हात खांद्यापासून लोंबकळला आणि शेरवानी एका बाजूने काळी पडली. पंडित चाकू काढून पुढे आला तेव्हा सिदूने काठीने त्याचा गुडघा फोडला. तो टांग्याच्या चाकाखाली पडून गुरासारखा ओरडू लागला. घोडा उधळला आणि चाक त्याच्या पोटावरून गेले.

शहादेव पडला नव्हता. तो फाटकातून परत आत शिरला, गुडघ्यांवर आला आणि मदरशाच्या पायऱ्यांकडे रांगू लागला. विठ्ठलराव त्याच्या मागून चालत होते, धावत नव्हते. मी त्यांच्या कमरेला मिठी मारली. त्यांनी कोपर मागे हाणला आणि माझे दोन दात जागीच निखळले. तेव्हा शहादेवने हाक मारली. ती मला नव्हती आणि मौलवींनाही नव्हती.

"गहिनीनाथ. मामाला आवर. गहिनीनाथ."

मी खिडकीकडे पाहिले. आतले उमेदवार उठून दाराशी गोळा झाले होते. गहिनीनाथ एकटा बसलेला होता. त्याने मान वर केली आणि आमची नजरानजर झाली. मग त्याने मान खाली घातली, पट्टीचा हात उचलून चार शब्दांवर ठेवला आणि वाक्य वाचू लागला. त्याचे ओठ हलताना मला स्पष्ट दिसले.

शहादेवने तीच हाक पुन्हा घातली. दुसरा घाव मानेवर पडला, तिसराही तेथेच. विठ्ठलराव प्रत्येक घावाला बिभीषणाचे नाव घेत होते. पुढचे घाव मोजण्याची गरज नव्हती. शहादेव पहिल्या पायरीवर डोके ठेवून संपला होता आणि रक्त पायरीच्या दोन्ही कडांनी खाली उतरत होते.

गहिनीनाथ बाहेर आला तो कागद मौलवींच्या हातात देऊन, पावतीचा शिक्का पाहून. त्याने प्रेत ओलांडले नाही. वळसा घालून तो मामांपाशी जाऊन उभा राहिला. विठ्ठलरावांनी कुऱ्हाड खाली टाकली आणि भाच्याला विचारले की कागद झाला का. त्याने मान हलवली.

संध्याकाळी ठाण्यात, जबानीसाठी बसलो असताना, मी त्याला विचारले की हाक ऐकू आली होती का.

"आलती."

त्याच्या शब्दाने मामा थांबले असते, असे मी म्हणालो.

"थांबले असते."

"मग उठला का नाहीस?"

"दोन जागा ऱ्हायल्या हुत्या, साहेब."

विठ्ठलरावांना जन्मठेप झाली आणि सिदूला दहा वर्षांची सक्तमजुरी. पंडित चौथ्या दिवशी दवाखान्यात मेला. गहिनीनाथावर कटाचा आरोप ठेवण्यात आला. कोठडीत त्याच्या तळपायांवर छड्या मारून मामाला त्यानेच बोलावले होते, असे वदवून घेण्याचा प्रयत्न झाला. तो बधला नाही. मौलवींच्या आणि माझ्या साक्षीवर पावसाळ्याअखेर त्याची सुटका झाली. परीक्षेत तो उत्तीर्ण झाला होता, पन्नासपैकी चव्वेचाळीस. तरीही सनद त्याला मिळाली नाही. ज्या वतनावरून परीक्षेच्या दारात खून पडला ते वतन सरकारने जप्त केले, आणि परगावचा एक पगारी पाटील त्या गावी नेमला. नव्या पाटलाने चावडी सारवून घेतली आणि खांबासाठी नवा दोर विकत आणला.

दिवाळीनंतर साखराबाई माझ्या तंबूवर आली. गहिनीनाथ घरात कोणाशी बोलत नाही, दिवसभर ओसरीवर बसून राहतो, एवढे तिने सांगितले. ती कामाची माणसे जेवायला जाईपर्यंत थांबली आणि मग तिने विचारले की मेलेल्या माणसाचा कागद सरकार तपासते का. मी सांगितले की कागद जिवंतपणी दिला होता, म्हणून तो तपासला गेला आणि निकालात त्याची नोंद आहे.

"मग त्याला किती पडले?"

उत्तीर्ण होण्यास तीस लागत होते. शहादेवला एकोणीस पडले होते.